पुस्तकाला झोपवतात, मग ही मूर्तिपूजा नाही का?

प्रश्न : गुरुद्वारात गेलो होतो. ग्रंथावर रेशमी रुमाल, वर चांदवा, एक जण चवरी ढाळतोय. रात्री म्हणे ग्रंथ डोक्यावर घेऊन वेगळ्या खोलीत झोपवतात. मूर्ती मानत नाहीत ना, मग हे काय? आणि हा शीख धर्म हिंदू-मुस्लिम मिळून झालाय हे खरं का?
– एक वाचक

उत्तर : दुसऱ्यापासून सुरू करतो. 'मिक्स' करून झालेला धर्म हे उत्तर सोपं आहे पण चुकीचं. गुरू नानकांचा जन्म १४६९चा, तळवंडीचा, म्हणजे आजच्या पाकिस्तानातलं ननकाना साहिब. त्यांचं म्हणणं सरळ होतं, देव एकच, निराकार, कुणाची भीती नाही, कुणाशी वैर नाही, आणि तो जन्म घेत नाही, म्हणजे अवतार आलेच नाहीत. संन्यास घ्यायची गरज नाही, नाव जपा, कष्ट करून कमवा, वाटून खा. स्वतः उतारवयात कर्तारपूरला शेती करत राहिले. लंगरमध्ये सगळे एकाच पंगतीत, तिथे जातपात बाहेर.

आता ग्रंथ. पूजा कागदाची नाही हो, शबदाची, म्हणजे त्यातल्या वाणीची. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी १६०४ मध्ये ग्रंथ तयार करून हरमंदिर साहिबमध्ये, म्हणजे अमृतसरच्या सुवर्णमंदिरात ठेवला. पुढे दहावे गुरू गोविंदसिंग (ज्यांनी १६९९ मध्ये आनंदपूरला खालसा, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखांचा पंथ, उभा केला) १७०८ला आपल्या नांदेडला वारले, आणि त्याआधी सांगून गेले की आता माणूस गुरू नाही, ग्रंथच गुरू. म्हणून चवरी, म्हणून चांदवा, म्हणून रात्री झोपवणंही, गुरू बसलाय म्हटल्यावर जो मान द्यायचा तोच. पानाला पान म्हणत नाहीत, 'अंग' म्हणतात, अशी १४३० अंगं. सकाळी ग्रंथ कुठेही उघडतात आणि डावीकडे वर जो शबद येईल तो त्या दिवसाचा हुकूम. कुणीतरी निवडून काढलेला नसतो, हे मला फार आवडतं.

आणि मत्था टेकताना तुम्ही फक्त गुरूंपुढे वाकत नाही बरं का. ग्रंथात ज्यांची वाणी आहे त्यांच्यात विणकर कबीर आहेत, चर्मकार रविदास, सूफी शेख फरीद, आणि आपले नामदेव शिंपी, त्यांची ६१ पदं. पुढच्या वेळी कीर्तन चालू असेल तर थोडं थांबून ऐका, नामदेवांचं पद लागलं तर त्यात 'बीठल' ऐकू येऊ शकतं, तो आपला पंढरीचाच.