आजीची भाषा आर्डुइनोला कशी कळावी?

विचारा, सांगतो: घरगुती इलेक्ट्रॉनिक्सचं वाचकांचं पान

प्रश्न: काका, सादर नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी आजी पडल्यापासून वॉकरशिवाय उठू शकत नाही. रात्री तिला दोन-तीनदा पंखा कमी-जास्त लागतो, आणि दर वेळी हाक मारायला ती संकोचते. म्हणून मी जेल रोडवरून आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), एचसी-०५ ब्लूटूथ मोड्यूल आणि दोन रिलेंचा (विजेच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचांचा) बोर्ड आणला. जुन्या अँड्रॉइड फोनवर एमआयटी अॅप इन्व्हेंटर या अॅप बनवायच्या साधनात बोलण्याचं अॅप केलं. मी ‘फॅन ऑफ’ म्हटलं की रिले लगेच टक करतो. आजी मराठीत बोलते तेव्हा कधी चालतं, बहुतेक वेळा नाही. उनोकडे काय आलं ते संगणकावर दाखवणाऱ्या सीरियल मॉनिटरवर मराठीच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसतात. शिवाय लाइट जाऊन आली की रिले आपोआप एकदा वाजतो. आजीला ‘फॅन ऑफ’ शिकवावं का? एक वाचक, इंदूर.

उत्तर: नको, बेटा. आजीला काही शिकवू नकोस. तिने ऐंशी वर्षांत कमावलेली भाषा तिची तिच्याकडे राहू दे. बदलायचं ते तुझ्या स्केचमध्ये, म्हणजे उनोच्या प्रोग्राममध्ये, बदलू.

आधी हे असं का होतं ते बघ. आवाज ओळखायचं काम तुझा फोन करतो, उनो नाही. गूगलने २०१७ साली मराठीसह आठ भारतीय भाषा आवाजी टंकलेखनात घेतल्या, तेव्हापासून हे घरच्या घरी जमू लागलं. फोन आजीचं वाक्य अक्षरांत उतरवतो, आणि ती अक्षरं ब्लूटूथवरून बाइट बनून उनोकडे जातात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक वर्णाला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांचे प्रत्येकी तीन वेगळे. ‘फॅन ऑफ’ इंग्रजी लिपीत सात बाइटचं. एकटा ‘पंखा’ बारा बाइटचा: प, अनुस्वार, ख, काना. तू आलेला प्रत्येक बाइट वेगळ्या ओळीवर छापत असणार, म्हणून एका अक्षराचे तीन तुकडे होतात आणि मॉनिटर चौकोन दाखवतो. अख्खं वाक्य गोळा करून एकदाच छाप, मराठी नीट दिसेल.

आता खरं दुखणं. ब्लूटूथशी बोलायला तू सॉफ्टवेअरसीरियल ही तयार लायब्ररी वापरत असशील. त्याच्याकडे आलेले बाइट ठेवायला फक्त ६४ जागा असतात. तुझ्या लूपमध्ये (सतत फिरत राहणाऱ्या भागात) डिले १०००, म्हणजे एक सेकंद थांब, असं काही आहे का बघ. बहुतेक उसन्या स्केचमध्ये असतं. त्या एका सेकंदात उनो झोपलेला असतो. आजी म्हणते, ‘अगं तो माझ्या डोक्यावरचा पंखा बंद कर.’ मी हे वाक्य कागदावर मोजलं: ९६ बाइट. ९६०० च्या वेगाने सेकंदाला ९६० बाइट येतात, म्हणजे अख्खं वाक्य एक दशांश सेकंदात येऊन धडकतं. उनो जागा होईपर्यंत ६४ जागा भरून पुढचे बाइट सांडलेले असतात. त्या वाक्यात ‘पंखा’ शब्द सुरू व्हायच्या आधीच ६७ बाइट संपतात! आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, आणि सांडतं ते शेवटचंच. उनोकडे उरतं ‘अगं तो माझ्या डोक्यावरच’. तेवढ्यावरून त्याने काय करावं? आजी थोडक्यात बोलली की चालतं, सविस्तर बोलली की नाही, याचं कारण एवढंच आहे.

डिले काढून टाक. आलेला बाइट लगेच उचलून स्वतःच्या २०० बाइटच्या रांगेत ठेवत जा, आणि फोनकडून प्रत्येक वाक्यानंतर ओळ संपल्याची खूण पाठव. ती खूण आली की मगच वाक्य तपास. उनोकडे सगळी मिळून २ किलोबाइट रॅम आहे, २०० सहज परवडतात. रीडस्ट्रिंग ही वाक्य वाचायची तयार आज्ञा वापरून काम उरकू नकोस. वाक्य संपल्यावरही ते आणखी एक सेकंद वाट बघत बसतं, आणि म्हाताऱ्या माणसाला वाटतं की ऐकलंच नाही, म्हणून ते पुन्हा बोलतं.

मी तुझ्या जागी असतो तर मात्र शब्द समजून घेण्याचं काम फोनवरच उरकलं असतं आणि उनोला फक्त १, २, ३, ४ असा एकेक आकडा पाठवला असता. फोनकडे जागा भरपूर आहे, आणि शब्दांची यादी वाढवताना दर वेळी उनोला केबल लावावी लागत नाही. यादी तुला वाढवावीच लागेल.

त्या यादीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मी इथेच चुकलो होतो. सहा वर्षांपूर्वी माझ्या आईसाठी मी हाच खटाटोप केला. अडतीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केलेला माणूस मी, सर्किट पहिल्या दिवशी चाललं. मी ‘पंखा चालू’ आणि ‘पंखा बंद’ असे दोन हुकूम घातले आणि निर्धास्त झोपलो. आपल्या माळव्यात उन्हाळ्यातही रात्र कलली की हवा गार होते. पहाटे उठून बघतो तर आई अंगाची जुडी करून पडलेली, पंखा गरगरतोय. म्हटलं, ‘आई, सांगितलं नाहीस?’ ती म्हणाली, ‘किती वेळा म्हटलं त्याला, गार वाजतंय म्हणून.’ ती बरोबर होती. मला ती आयुष्यभर ‘गार वाजतंय’ एवढंच म्हणत आली आणि मी उठून पंखा बंद करत आलो. ‘पंखा बंद कर’ असं तिने मला कधी सांगितलंच नव्हतं. ती सकाळ मला अजून टोचते.

म्हणून आजपासून आठ दिवस सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेव. आजीच्या उशाशी एक वही ठेव. ती पंख्या-दिव्याबद्दल जे जे बोलेल ते जसंच्या तसं उतरव. ‘उकडतंय’, ‘वारा नको’, ‘जरा सोड गं पंखा’, आणि इंदूरच्या मराठीतलं ‘बंद करून दे’. माझ्या आईच्या वहीत सतरा वेगवेगळी वाक्यं निघाली. जुन्या बायका दिवा ‘विझव’ म्हणत नाहीत, तो शब्द त्यांना अशुभ वाटतो. त्या ‘मालव’ म्हणतात. आमचा फोन त्याचं कधीकधी ‘मालवा’ करायचा, आपला प्रांतच!

मग शब्द तोडायचे. मराठीत शब्दाला विभक्ती लागली की त्याचं शेपूट बदलतं: पंखा, पंख्याला, पंखे. पूर्ण ‘पंखा’ शोधशील तर ‘पंख्याला थांबव’ निसटेल. ‘पंख’ एवढंच शोध. तसंच ‘दिव’, ‘उकड’, ‘गार’, ‘मालव’. ऱ्हस्व-दीर्घाचंही असंच. ‘लाइट’ आणि ‘लाईट’ दोन्ही लिहिले जातात, आणि संगणकाला इ आणि ई ही दोन वेगळी अक्षरं आहेत, शेवटच्या एका बाइटने वेगळी. ‘सुरू’ आणि ‘सुरु’चं तेच, तिथे ‘सुर’ पुरे. सगळ्यात आधी मात्र ‘नको’ तपास. ‘पंखा बंद करू नको’ यात ‘बंद’ आहेच, आणि आजीला हवं असेल नेमकं उलट. ‘वारा नको’ म्हणजे मात्र बंदच कर, तो जोडशब्द वेगळा घाल. ‘लाव’ आणि ‘मालव’ ऐकायला जवळचे आहेत. फोन गोंधळत असेल तर आजीच्या वहीतले दुसरे शब्द वापर.

आता जोडणी, थोडक्यात. एचसी-०५ च्या रिसीव्ह पायाला (पिनला) ३.३ व्होल्टचीच सवय आहे, उनो ५ व्होल्ट देतो. मधे १ किलोओहमचा रेझिस्टर, आणि तिथून ग्राउंडला २ किलोओहमचा लाव, म्हणजे ३.३३ उरतात. पुष्कळजण हे गाळतात, मोड्यूल काही दिवस चालतं आणि मग जोडणी विनाकारण तुटायला लागते. मीही एक असंच गमावलं. मोड्यूल शून्य आणि एक नंबरच्या पायांवर लावलं असेल तर स्केच चढवताना काढावं लागतं. १० आणि ११ वर सॉफ्टवेअरसीरियल बरं. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी वापरू नकोस. एका रिलेची कॉइल सुमारे ७० मिलिअँपिअर ओढते, ब्लूटूथचा खर्च वेगळा, तिथे ती बॅटरी बसकण मारते. फोनचा चांगला ५ व्होल्टचा चार्जर घे, आणि रिलेला वेगळा चार्जर देशील तर ग्राउंड एकत्र जोडायला विसरू नकोस.

लाइट आल्यावर रिले वाजतो कारण हे बोर्ड बहुधा पायावर लो (शून्य व्होल्ट) मिळाल्यावर रिले ओढणारे असतात. पाय बाहेर वीज देणारा करणारी पिनमोड आउटपुट ही ओळ तू आधी लिहितेस, त्या क्षणी पाय लो असतो, रिले ओढला जातो. आधी डिजिटलराइट हाय (पाय ५ व्होल्टवर), मग पिनमोड. दोन ओळींची अदलाबदल, बस. लाइट जाऊन आली की फोनही स्वतःहून परत जोडला जायला हवा. अॅपमध्ये क्लॉक ठेवून दर दहा सेकंदांनी जोडणी तपास आणि तुटली असेल तर पुन्हा जोड. एचसी-०५ चा लाल दिवा भराभर लुकलुकतो म्हणजे तो एकटा आहे. जोडला गेला की दोनदा चमकून थोडा थांबतो, मग पुन्हा दोनदा.

२३० व्होल्टचं काम वायरमनकडूनच करून घे, एमसीबी पाडून, आणि तू नुसती शेजारी उभी राहा. पण रिले कुठे लावायचा ते त्याला तू सांग. जिन्याच्या दिव्यासारखं टू-वे करायचा मोह होईल. करू नकोस. मग ‘बंद’ म्हटल्यावर पंखा चालूही होऊ शकतो, कारण भिंतीवरचा स्विच कोणत्या बाजूला आहे ते उनोला कळत नाही. मी असं करतो: पंख्याच्या फेजमध्ये, नेहमीच्या स्विचनंतर, रिलेचं कॉमन आणि नॉर्मली क्लोज्ड (रिले न ओढता जोडलेलं) टोक घालायचं. उनो मेला, चार्जर जळला, काहीही झालं तरी पंखा भिंतीवरच्या स्विचने पूर्वीसारखाच चालतो. आजीचा आवाज त्याला फक्त थांबवतो आणि पुन्हा सोडतो. दिव्याला उलट: नॉर्मली ओपन (रिले ओढल्यावरच जोडलं जाणारं) टोक भिंतीवरच्या स्विचला समांतर. रात्री बाथरूमला जाताना दिवा लागण्याचे दोन रस्ते हवेत, एक बिघडला तरी दुसरा राहतो.

शेवटचं फोनचं. पूर्ण पडदाभर एकच बटण कर, आजीचा हात कुठेही पडला तरी चालेल. आणि एकदा फोनचं इंटरनेट बंद करून, ब्लूटूथ तेवढं चालू ठेवून मराठीत बोलून बघ. ओळखत नसेल तर ज्या रात्री इंटरनेट गेलं त्या रात्री तू आजीच्या खोलीत झोपायचं, हे आत्ताच ठरवून ठेव. अँड्रॉइड बारा किंवा पुढचं असेल तर ‘जवळची उपकरणं’ ही परवानगी अॅपला द्यावी लागते. वही भरली की मला त्यातली वाक्यं जरूर कळव, मला ती वाचायची आहेत.

प्रश्न: माझ्या आयफोनवर एचसी-०५ दिसतच नाही. मोड्यूल खराब आहे का? एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर.

उत्तर: मोड्यूल चांगलं आहे. एचसी-०५ जुन्या, क्लासिक ब्लूटूथवर सीरियल पद्धतीने बोलतं, आणि अॅपलची मान्यता नसलेल्या उपकरणाशी आयफोन त्या पद्धतीने बोलत नाही. ब्लूटूथ लो एनर्जीचं (कमी विजेवर चालणाऱ्या नव्या ब्लूटूथचं) मोड्यूल घ्या किंवा एखादा जुना अँड्रॉइड फोन त्या कामाला लावा. असा फोन घरात पडून असेल तर दुसरा उपाय स्वस्त आहे.

प्रश्न: मला आवाजावर चालणारा रिमोट करायचा आहे. फोन नको, माइक रिमोटमध्येच हवा. ईएसपी-३२ (उनोसारखीच प्रोग्राम करता येणारी चिप) घेऊ का? एक विद्यार्थी, इंदूर.

उत्तर: घे, पण दुकानात नाव नीट वाच. साध्या ईएसपी-३२ मध्ये क्लासिक आणि लो एनर्जी दोन्ही ब्लूटूथ आहेत. सी-३ आणि एस-३ मध्ये फक्त लो एनर्जी, आणि एस-२ मध्ये ब्लूटूथच नाही. डबी सारखीच दिसते, माझ्या ओळखीचा एक मुलगा एस-२ घेऊन दोन दिवस प्रोग्राम तपासत बसला होता.

आवाजाचं गणित असं: सेकंदाला १६,००० नमुने, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे ३२,००० बाइट. लो एनर्जीवर एवढं सतत ढकलणं जिकिरीचं. टीव्हीच्या बोलक्या रिमोटमध्ये त्यासाठी एडीपीसीएम ही आवाज आवळायची पद्धत वापरतात, सोळा बिटांचा नमुना चार बिटांत बसवायचा, की ८,००० बाइट उरतात. आयएनएमपी-४४१ हा डिजिटल माइक आयटूएसवर (डिजिटल आवाजाच्या जोडणीवर) जोड, ग्राउंड जवळून घे, आणि आधी पाच सेकंदांचा आवाज नुसता साठवून संगणकावर ऐक. त्यात खरखर असेल तर पुढे जाऊ नकोस, ओळखणाऱ्यालाही तीच खरखर ऐकू येणार. आणि पलीकडे ते शब्द ओळखणारा कुणीतरी लागतोच, फोन किंवा संगणक. चार-पाच ठरावीक शब्द चिपवरच ओळखता येतात, पण त्याला ज्याच्यासाठी रिमोट आहे त्याच माणसाच्या आवाजाचे नमुने घे. स्वतःच्या आवाजावर शिकवून आजोबांच्या हातात देऊ नकोस.