शहराने जाहीरनामा स्वीकारला, पुढे काय?

तुमचा प्रश्न असा आहे की शहराची क्रीडा समिती खेळातल्या नैतिकतेचा जाहीरनामा स्वीकारणार आहे, तर त्याने मैदानावर काही फरक पडतो का, की सही झाली, फोटो निघाला आणि संपलं? मी बरीच वर्षं मुलांच्या फुटबॉलमध्ये पंच होतो, नंतर स्पर्धा भरवण्याच्या कामात आलो. फरक पडतो, पण शहराच्या हातात जे खरोखर आहे त्याला जाहीरनामा जोडला तरच.

मजकूर नव्याने लिहीत बसू नका. २४ सप्टेंबर २००४ रोजी बेल्जियममधल्या गेंट शहरात पॅनॅथलॉन या संस्थेने मुलांच्या खेळातल्या नैतिकतेचा जाहीरनामा मांडला. त्यात मुलांचे हक्क दिले आहेत: खेळाचा आनंद घेण्याचा, सन्मानाने वागवलं जाण्याचा, जाणत्या माणसाकडून शिकण्याचा, विश्रांतीचा. शेवटचा हक्क मला सगळ्यात मोलाचा वाटतो. चॅम्पियन होण्याची संधी मिळण्याचा, आणि चॅम्पियन न होण्याचाही. पालकांच्या सभेत एवढी एक ओळ वाचून दाखवली की सभागृह गप्प होतं, हे मी दोनतीनदा पाहिलं आहे.

आता शहराच्या हातात काय असतं ते पाहू. खेळाचे नियम महासंघाचे, खेळाडू क्लबचे, पण मैदान बहुतेक ठिकाणी शहराचं. संध्याकाळची वेळ कुणाला द्यायची हे शहर ठरवतं, म्हणून अटी मैदानाच्या आरक्षणात घाला. पालक मैदानाच्या रेषेपासून ठरलेल्या अंतरावर उभे राहतील. बारा वर्षांखालच्या सामन्यात संघातल्या प्रत्येक मुलाला काही मिनिटं तरी खेळायला मिळेल. पंचाला शिवीगाळ झाली तर तक्रार त्याच दिवशी लेखी नोंदवली जाईल. पंचांबद्दल हे मुद्दाम लिहितो, कारण लहान मुलांच्या सामन्यांना शिट्टी घेऊन उभा असणारा पंच पुष्कळदा स्वतःच सतरा-अठरा वर्षांचा असतो. मोठी माणसं त्याच्या अंगावर धावून आली की तो पुढच्या मोसमात येत नाही.

शिक्षा मात्र मोठ्यांना द्या. एकदा एका वडिलांच्या वागण्यामुळे आम्ही त्या क्लबची सरावाची वेळच काढून घेतली. वडील घरी निवांत होते, मैदानाबाहेर बसली ती मुलं. तो निर्णय चुकीचा होता आणि मला तो अजून बोचतो. त्यानंतर आम्ही तसं झालं की त्या संघाचे पुढचे दोन सामने पालकांशिवाय खेळवायचो. मुलं खेळायची, पालक फाटकाबाहेर थांबायचे.

वयचोरीचंही तेच. जन्मदाखले तपासायलाच हवेत, पण चौदा वर्षांखालच्या स्पर्धेला शहराने मोठी रोख बक्षिसं लावली, तर खोटे दाखले येण्याची सोय शहरानेच केली असं मी म्हणेन. ते पैसे पंचांच्या मानधनाला आणि प्रशिक्षकांच्या शिबिरांना द्या.

प्रेक्षकांचं बळ किती असतं ते स्पेनमधल्या खिखोन शहराने दाखवलं. २५ जून १९८२, फुटबॉलचा विश्वचषक, पश्चिम जर्मनी विरुद्ध ऑस्ट्रिया. त्याच गटातल्या अल्जेरियाचा शेवटचा सामना आदल्या दिवशीच होऊन गेला होता, त्यामुळे जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली तर हे दोन्ही संघ पुढे जाणार आणि अल्जेरिया बाहेर पडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला आणि मग उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात गेला. नियम कुठलाच मोडला नव्हता. तरी प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या, नोटा फडकावल्या, अल्जेरियाच्या बाजूने घोषणा दिल्या. तिथल्या वर्तमानपत्राने सामन्याची बातमी गुन्ह्यांच्या पानावर छापली. निकाल बदलला नाही, पण पुढच्या, १९८६ च्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी होऊ लागले. नियमात बसतं ते सगळं खिलाडूपणाचं नसतं, हे मुलांना समजावताना मी हाच सामना सांगतो.

समितीला उलटं उदाहरणही सांगा. २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकचं यजमानपद मिळवताना अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या आयोजकांनी यजमान शहर निवडणाऱ्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या काही सदस्यांना भेटी आणि पैसे दिल्याचं १९९८ च्या अखेरीस उघड झालं. काही सदस्यांना राजीनामे द्यावे लागले, काहींना काढलं गेलं, आणि १९९९ मध्ये ऑलिंपिक समितीने नीतिमत्तेसाठी वेगळा आयोग नेमला. शहराला स्पर्धा हवीच असते तेव्हा ते स्वतःच कसं घसरतं हे यात दिसतं. म्हणून तक्रारी ऐकणारा माणूस कुठल्याही क्लबचा पदाधिकारी किंवा प्रायोजक नको, आणि स्पर्धा मिळवून आणणाराही नको. त्याचा नंबर मैदानाच्या फाटकावर, मुलांना वाचता येईल अशा अक्षरात लावा.

तुमच्याकडचा मैदान-आरक्षणाचा सध्याचा अर्ज इथे टाकलात, तर कुठली अट कुठल्या कलमात बसेल ते लिहून देतो.