फरशी पुसायला नैसर्गिक लिक्विड बनवण्याआधी फरशी कोणती ते बघा

ताई, तुम्ही विचारलंय की घरात रांगणारं बाळ आहे, सासू-सासरे आहेत, दिवसभर माणसांची ये-जा आहे, तर फिनाईल बंद करून लिंबू, व्हिनेगर, खायचा सोडा असं घरातलंच वापरून फरशी पुसायचं लिक्विड कसं बनवायचं. लिंबू आणि व्हिनेगर वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले.

फरशी शहाबादी, कोटा किंवा संगमरवराची असेल तर तिला आंबट काहीही लावू नका. लिंबू नाही, व्हिनेगर नाही, चिंच नाही, आणि सध्या घरोघरी डब्यात मुरत ठेवलेलं ते सालींचं बायोएन्झाइमही नाही. हे तिन्ही दगड मुळात चुन्याचे. आंबट पडलं की चुना विरघळतो, बुडबुडे येतात आणि पॉलिश जातं. तो डाग नसतो, दगडच झिजलेला असतो. कितीही घासा, तो निघत नाही. मशीन आणून पुन्हा पॉलिश करावं लागतं.

आमचं घर रावेर तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात. ओसरी आणि माजघर सासऱ्यांनी शहाबादी फरशीचं करून घेतलं होतं, चांगलं पॉलिश मारून. मे महिन्यात इकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा दुपारी गाद्या गुंडाळून सगळे उघड्या फरशीवर पडतात, लहान पोरांचे गाल दगडाला टेकलेले असतात. त्यामुळे फिनाईल नको हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. माझ्या माजघरातही ते येत नाही.

आता ऐका. नणंदेच्या मुलीचा साखरपुडा आमच्याकडे होता. पंगतीसाठी मळ्यातून केळीची पानं आणली, ती ओसरीवर रचली आणि देठांचा चीक खाली गळला. केळीचा चीक ओला असेपर्यंत साध्या पाण्याने जातो, वाळला की तपकिरी डाग धरतो. लगीनघाईत तो राहून गेला. माझ्या मोठ्या जाऊबाई पुण्याला असतात, त्यांनी सोबत बायोएन्झाइमचा कॅन आणला होता. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-संत्र्याच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने मुरवलेलं. त्यांनी ते न पातळ करता चिकाच्या डागांवर ओतलं आणि वरून लिंबं पिळली. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "माय, फरशीले आंबट नको लाऊ. हाई फरशी शे, तांबाना हंडा नही." जाऊबाई म्हणाल्या, आई, हे नॅचरल आहे, याने काही होत नाही. आणि तासभर तसंच ठेवलं.

पुसल्यावर तिथे फिकट, खरबरीत चट्टे उठलेले होते. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर जाऊबाईंनी सांगितलं की तुमच्या बोअरच्या जड पाण्याने फरशी पांढरी पडली. सगळ्यांनी मान डोलावली, कारण बोअरचं पाणी जड आहे हे खरंच आहे. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलंय, पण स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या सुनेला ते कोण विचारतं?

जड पाण्याचा थर दगडाच्या वर बसतो. नळाखाली, बादली ठेवायच्या जागी, कडेकडेने, जिथे पाणी साचून सुकतं तिथे. तो नखाने थोडा तरी खरवडला जातो. आमच्या ओसरीवरचे चट्टे जिथे ओतलं तिथेच, ओघळाच्या आकाराचे, आणि नखाला काही लागत नाही. पाहुणे गेल्यावर मी मागच्या अंगणातला शहाबादीचा फुटका तुकडा धुऊन आणला, त्यावर लिंबू पिळलं आणि यांना बोलावलं. बारीक फेस आला, पुसल्यावर तिथे तसाच फिका डाग. हे म्हणाले, आता जाऊ दे, वहिनींना वाईट वाटेल. जाऊ दिलं. पण घरात कोणी अजूनही बोअरचं पाणी म्हटलं की माझ्या पोटात कालवतं. चूक पाण्याची नव्हती, आणि सासूबाईंना दगड कळत होता.

तुमच्या प्रश्नाकडे येते. मी रिठे वापरते. दहा-बारा रिठे बिया काढून लिटरभर पाण्यात रात्री भिजत घालायचे, सकाळी एक उकळी आणून थंड झाल्यावर कुस्करायचे आणि फडक्यातून गाळायचे. अर्धी वाटी पाणी बादलीला पुरतं. रिठ्याला आंबटपणा आहे, पण अगदी थोडा, बादलीत तो उरत नाही. जड पाण्यात साबणाचा जसा पांढरट चिकटा बसतो तसा रिठ्याचा बसत नाही, म्हणून आमच्या पाण्याला तो सोयीचा. जास्त ओतू नका, फरशी निसरडी होते आणि घरात म्हातारी माणसं आहेत.

स्वयंपाकघरातल्या तेलकट फरशीला गरम पाण्याच्या बादलीत दोन चमचे धुण्याचा सोडा, खायचा नव्हे. हातमोजे घालून पुसा, नंतर साध्या पाण्याने एक हात फिरवा.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून ठेवायची जी कृती फिरते ती सरळ सोडून द्या. दोघं एकमेकांना मारतात, फेस जिरला की उरतं ते जवळजवळ खारट पाणीच. फेस दिसतो म्हणून लोकांना काम झाल्यासारखं वाटतं.

आणि खरं सांगू, रोजच्या धुळीला यातलं काहीही लागत नाही. दोन बादल्या, एक पुसायची, एक फडकं खळबळायची, पाणी गढूळ झालं की बदलायचं, फडकं उन्हात वाळवायचं. ओलं फडकं बादलीत कोंबून ठेवून वर सुगंधी काहीतरी ओतणं मला मान्य नाही, मग ते दुकानातलं असो की घरचं. पुण्याचं असो की रावेरचं.

आता नैसर्गिक आहे म्हणून बिनधास्त राहू नका. कापूर घालायचा सल्ला कोणी दिला तर रांगणाऱ्या बाळाच्या घरात तो ऐकू नका, कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं तर चांगलंच झोंबतं. कोल्ड्रिंकच्या बाटलीत यातलं काहीही भरू नका. उन्हाळ्यात रिठ्याचं पाणी बाहेर दोन दिवसांत आंबतं, तेवढंच बनवा.

यातल्या कशानेही जंतू मरतात असं समजू नका. घरात कोणाला उलटी-जुलाब असतील तर ती जागा आधी पुसून घ्या आणि मग बाटलीवर लिहिल्याप्रमाणे पातळ केलेलं ब्लीच वापरा, खिडक्या उघड्या ठेवून, बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवून. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुवायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो.

व्हिट्रिफाइड टाइल असेल तर पातळ व्हिनेगरने टाइलला काही होत नाही, हेही सांगायला हवं. तरी बहुतेक घरांत हॉलला टाइल आणि उंबऱ्याला, ओट्याला, पायऱ्यांना कडप्पा (तोही चुन्याचाच दगड) नाहीतर संगमरवर असतो, आणि फडकं एकच फिरतं. तुमच्याकडे कुठे कोणता दगड आहे ते कळवा, म्हणजे पुढचं सांगते.