‘मी डोलकर’मधला डोलकर नक्की कोण?

प्रश्न असा आला : ‘मी डोलकर, डोलकर, डोलकर दर्याचा राजा’ या गाण्यातला डोलकर म्हणजे लाटांवर डोलणारा का? की डोलकाठी सांभाळणारा?

दोन्ही नाही. डोल नावाचं एक जाळं आहे. त्यावर मासेमारी करतो तो डोलकर. हे धंद्यावरून पडलेलं नाव आहे. मीही कित्येक वर्षं ‘डोलणारा’च समजत होतो. दोष चालीचा! हृदयनाथ मंगेशकरांनी ती अशी बांधली आहे की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलते. व्याकरणही या समजुतीच्या आड येत नाही, विणणारा तो विणकर होतोच की. निकाल लागतो तो वर्सोवा, मढ, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, जिथे कोळी हे जाळं लावतात.

डोल जाळं म्हणजे लांबलचक पिशवी. तोंड रुंद, शेपटाकडे निमुळतं, आणि आस, म्हणजे जाळ्याची भोकं, तीही मागं मागं बारीक होत गेलेली. हे जाळं ओढत नेत नाहीत. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधून त्याचं तोंड प्रवाहाकडे करून ठेवतात. भरती-ओहोटीची ओढच बोंबील, जवळा, करंदी आत लोटते. ओढ मंदावली की जाळं वर घ्यायचं. म्हणजे या माणसाचं घड्याळ चंद्राच्या हातात. उधाणाला, म्हणजे पुनव-अवसेच्या मोठ्या भरतीला, पाण्याला जोर; भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, तो कमी. गाण्यातली नायिका पुनवेच्या रातीला नाचून मौजा करते. पण पुनव म्हणजे उधाण, खऱ्या डोलकराची तेव्हा ऐन धांदल! गीतकार शांता शेळक्यांना ही सूट द्यायला हरकत नाही. जन्म समुद्रापासून दूरच्या, पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरचा, आणि तरी कोळी बोलीचा कान किती तयार, ते पुढच्या शब्दांत दिसतं.

‘उदानवारा शिराला येतंय फारू’ या ओळीत वारा कुणाच्या डोक्यात जात नाही. शिर म्हणजे शीड, फारू म्हणजे फाडू. या बोलीत शब्दाच्या मधल्या ‘ड’चा ‘र’ होतो आणि ‘ळ’चा ‘ल’. म्हणून कोळीवाड्याचा ‘कोलीवारा’. मग डोलकरचा ‘रोलकर’ का झाला नाही? कारण तिथला ‘ड’ शब्दाच्या सुरुवातीला आहे.

मुखड्यातला नाखवा हा फारसी नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. दर्या आणि बंदर हेही फारसीच. उत्तरेकडे दरिया म्हटलं की नदी डोळ्यांसमोर येते, आपल्याकडे मात्र समुद्र. अरबी समुद्रातल्या शेकडो वर्षांच्या ये-जेनं हे शब्द इथे आणून सोडले, आणि आता ते इतके घरचे झालेत की ‘सागराचा राजा’ म्हणून पाहिलं तर ओळ लगेच शाळेच्या पुस्तकातली वाटू लागते.

ध्वनिमुद्रणात लता मंगेशकरांबरोबर हेमंतकुमार आहेत. म्हणजे आपण सगळ्यांनी ज्याच्या तोंडून ‘डोलकर’ हा शब्द शिकला, तो आवाज बंगाली आहे. पुढच्या वेळी ऐकताना ‘वल्हव रे नाखवा’कडे लक्ष द्या. तिथे हात वल्ह्यावर आहेत. जाळं अजून पाण्यात पडायचंय.