जागा बदलली आणि घोडीचा स्वभावच बदलला?

"ताई, नव्या जागेत आल्यापासून घोडी आमच्यावर रुसलीय. नीट खात नाही, लेकीला जवळ येऊ देत नाही, काल तर चावायला धावली. विकून टाकावी का?"

प्राण्यांच्या वर्तनाबद्दल सल्ला द्यायचं काम मी नाशिकमध्ये करते. माझ्याकडे येणारे बहुतेक जण कुत्र्यांसाठी येतात. घोडेवाले त्या मानाने थोडे, पण त्यांचा प्रश्न पुष्कळदा हाच असतो. कुणी म्हणतं माज आलाय, कुणी म्हणतं आधीच्या मालकाने औषध देऊन विकला, कुणी नजर लागली म्हणतं. तबेला बदलल्यावर घोडा ओळखू येईनासा झाला, एवढं मात्र सगळ्यांच्या बोलण्यात असतं. म्हणून ही एक हकिगत सविस्तर लिहिते. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घोडी सात वर्षांची, मारवाडी वळणाची, कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून आणलेली. घरात तिला मैना म्हणत. मुलगी नववीत, तिचा सगळा जीव त्या घोडीत. इतकी वर्षं मैना पाथर्डी फाट्याकडच्या एका छोट्या तबेल्यात होती. ती जागा बांधकामाला गेली, म्हणून जानेवारीत तिला मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधोमध असलेल्या एका नव्या तबेल्यात हलवलं. उंच छत, कोरडी जमीन, फिरायला मोठं मैदान. जुन्या जागेपेक्षा सगळंच चांगलं. त्यामुळे आईला जास्तच लागलं होतं. एवढा खर्च करून चांगल्या ठिकाणी आणलं, तर ही अशी का वागते?

मी आधी रुसव्याचा विषय बाजूला ठेवला आणि त्यांना पशुवैद्यकांना बोलवायला सांगितलं. चिडचिड, चावणं, कोपऱ्यात तोंड करून उभं राहणं, यामागे दुखणं असू शकतं, आणि प्रवासानंतर तर ते आधी तपासायलाच हवं. अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअसच्या आत आहे का, विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ आहे का, हे घरच्या माणसालाही शिकता येतं. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला बोटांना लागते. मैनेला ताप नव्हता. पण हिरड्या कोरड्या, आतड्यांचा आवाज मंद आणि लीद कमी झालेली, बारीक, कडक गोळ्यांची. धडधाकट घोडा दिवसातून आठ-दहा वेळा तरी लीद टाकतो. ती जेमतेम तीन-चार वेळा टाकत होती. डॉक्टरांनी औषध दिलं आणि पाणी पोटात जायलाच हवं असं बजावलं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. तबेल्यातल्या एका जाणत्या माणसाने आईला सल्ला दिला होता, "चार दिवस चारा तोडा, भूक लागली की आपोआप वळणावर येते." असं कधीही करू नका. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, तोंडात घास असो वा नसो. मोकळ्या रानात घोडा दिवसाचे सोळा-सोळा तास चरतो, आणि चारा व लाळ मिळून ते आम्ल सौम्य राहतं. चारा तोडला की तेच आम्ल जठराच्या अस्तराला खातं, व्रण होतात. मोठ्या आतड्यात चारा आंबवणाऱ्या जीवाणूंची घडी विस्कटते, आणि पोटशूळ उठला तर काही तासांत जीव जाऊ शकतो. घोडा सारखा कुशीकडे वळून बघतोय, पुढच्या पायाने जमीन उकरतोय, बसतोय-उठतोय, लोळतोय, घामेजलाय, लीद बंद झालीय, असं दिसलं तर माझ्यासारखीला फोन करण्यात वेळ घालवू नका. थेट डॉक्टर.

मग मी तबेला बघायला गेले. घोडीच्या आधी पाण्याची बादली पाहिली. जुन्या जागी महापालिकेचं नळाचं पाणी होतं, इथे बोअरचं. मी चाखून पाहिलं, चांगलंच मचूळ होतं. घोड्याला दिवसाला साधारण २५ ते ४० लिटर पाणी लागतं आणि त्याची पाण्याची चव फार पक्की असते. अनोळखी पाणी तो नाकाने हुंगतो, ओठ बुडवतो आणि सोडून देतो. पाणी कमी गेलं की चारा कमी जातो, चारा कमी गेला की आतडं मंदावतं. मैनेच्या निम्म्या "रुसव्याचं" कारण त्या बादलीत होतं. घरून नळाचं पाणी कॅनमधून आणायचं, रोज त्यात बोअरचं पाणी थोडं थोडं वाढवत न्यायचं, आणि भांडं म्हणून तिची जुनी काळी बादलीच वापरायची, असं ठरलं. गूळपाण्याचाही उपयोग होतो, पण जागा बदलण्याच्या आठवडाभर आधीपासून ती चव लावलेली असेल तर जास्त. ऐनवेळी गूळ घातला तर त्या बादलीत अनोळखी गोष्टी दोन होतात.

चाऱ्याचंही तसंच. तिकडे ज्वारीच्या कडब्याची कुट्टी, लसूणघास आणि भरडलेल्या हरभऱ्याची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक. इकडे पहिल्याच दिवसापासून पेलेट, म्हणजे तयार खाद्याच्या दाबलेल्या गोळ्या, आणि गव्हाचा कोंडा. खुराक चांगला होता, फक्त एका रात्रीत बदलला होता. आतड्यातल्या जीवाणूंना नव्या चाऱ्याची सवय व्हायला एक-दोन आठवडे जातात. म्हणून जुना खुराक परत सुरू केला, आणि दर दोन-तीन दिवसांनी त्यात नव्याचा पाव भाग वाढवत नेला. पेलेट वाईट नाहीत, हे मी तबेल्याच्या मालकांना मुद्दाम सांगितलं. त्यांनी चांगल्या मनानेच दिले होते. बागेतल्या ओळींमधलं गवत मात्र कापून घालू नका म्हटलं. द्राक्षावर फवारणी चालू असते आणि ती गवतावरही उतरते.

एवढं होऊनही मला मुख्य कारण वेगळंच वाटत होतं. मैनेचं ठाण रांगेत शेवटचं होतं, तिन्ही बाजूंनी भिंत, समोर बाग. बाकीचे घोडे तिला ऐकू येत, दिसत नव्हते. ते खिंकाळले की ती दाराशी यायची, मान उंच करायची, उत्तर द्यायची आणि पुन्हा फेऱ्या मारायची. भुशात तिच्या चालण्याची वाट पडली होती. घोडा कळपाचा प्राणी आहे. एकटं पडणं म्हणजे धोका, हे त्याच्या अंगातच आहे. त्याने उभ्याने घेतलेल्या डुलक्यांनी झोप पुरी होत नाही. गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ का होईना आडवं व्हावंच लागतं, आणि कुणीतरी पहारा देतंय अशी खात्री नसेल तर तो आडवा होत नाही. मैना इथे आल्यापासून एकदाही बसलेली कुणी पाहिली नव्हती. सकाळी तिच्या कुशीला भुशाची काडीसुद्धा नसायची. दिवसेंदिवस न झोपलेल्या जिवाकडून आपण गोड वागण्याची अपेक्षा करत होतो.

मालकांनी तिला वेगळं ठेवलं होतं, ते बरोबरच होतं. नवा घोडा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवायलाच हवा. स्ट्रँगल्ससारखा घशाच्या गाठींचा आजार लक्षणं दिसायच्या आधीच पसरू शकतो. ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा संसर्ग तर माणसालाही होतो. त्याची रक्ततपासणी झाल्याचा कागद मैनेकडे होता, पण प्रत्येक मालकाने तो मागितलाच पाहिजे. तरी वेगळं ठेवायचं म्हणजे इतर घोडे दिसूही द्यायचे नाहीत, असं नाही. आम्ही तिला अंगणापलीकडच्या मोकळ्या ठाणात हलवलं. तिथून सगळी रांग दिसत होती, नाकाला नाक मात्र लागत नव्हतं. तिची बादली वेगळी, खरारा वेगळा, आणि तिचं काम मोतद्दाराने, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या माणसाने, सगळ्यांत शेवटी करायचं. दुसऱ्या संध्याकाळी तिने पुढ्यातली कुट्टी संपवली. पाण्याचा फरक पडलाच असणार, पण ठाण बदललं नसतं तर नुसत्या पाण्याने इतक्या लवकर हे झालं नसतं, असं माझं मत आहे.

जुन्या तबेल्यात मैनेला रोज सांभाळणाऱ्या मामांना मी फोन केला. या अख्ख्या प्रकरणात सर्वांत जास्त माहिती त्यांच्याकडे होती आणि त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. शेजारच्या ठाणात टांग्यातून सुटलेला एक म्हातारा पांढरा घोडा होता. तो खायला लागल्याशिवाय मैना तोंड लावायची नाही. आधी पाणी, मग कुट्टी, चंदी सगळ्यांत शेवटी. पाणी दाखवताना मामा हलकी शीळ घालायचे. खरारा नेहमी डाव्या बाजूने सुरू. हे ऐकताना आईचे डोळे भरून आले. "आम्ही तिच्यासाठी इतकं केलं, आणि हे काहीच माहीत नव्हतं," म्हणाल्या. घोडा हलवताना लोक टेम्पो ठरवतात, भाडं ठरवतात, नव्या जागेचे फोटो काढतात. त्याला रोज हात लावणाऱ्या माणसाचा विचार कुणी करत नाही. त्या माणसाला पहिले काही दिवस पैसे देऊन नव्या जागी बोलवा. माझ्या मते या सगळ्या खर्चात तो सर्वांत सत्कारणी लागणारा पैसा आहे. मामांना दुसरीकडे काम लागलं होतं, तरी ते रविवारी आले. त्यांची शीळ ऐकून मैनेने कान टवकारले आणि नाकपुड्या थरथरवत हळू आवाज काढला. मुलीने ती शीळ त्यांच्याकडून शिकून घेतली.

मुलीशी मी वेगळी बोलले. तिला एकच भीती होती, "ती मला विसरली." विसरली नव्हती. ज्यांच्याबरोबरचा अनुभव चांगला आहे अशी माणसं घोड्यांना महिनोन्महिने आठवतात, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे. पण मुलगी रोज शाळेतून धावत यायची, गळ्यात पडायची, गाजरं भरवायची, रडायची आणि मग खोगीर चढवून बघायची. ज्या एका माणसाकडे शांतपणा शोधावा, तेच इतकं कासावीस. मी तिला सांगितलं, सध्या खोगीर नाही, हातातून खाऊ नाही. ठाणाबाहेर खुर्ची टाकून अभ्यास कर. ती स्वतः जवळ आली तर मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथे खाजव. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात, आणि तिथे खाजवल्याने हृदयाचे ठोके मंदावतात हे १९९३ सालच्या एका संशोधनात मोजलं गेलं आहे. ती मुलगी जिद्दीची. भूमितीचा अख्खा धडा तिने त्या खुर्चीत केला. पहिले काही दिवस मैना लांबून बघत राहिली, मग पुस्तक हुंगायला लागली.

चावायला धावण्याचं कारणही सापडलं. मणी भरायला लागले की बागायतदार पाखरं उडवायला चकाकणाऱ्या फिती बांधतात, त्या वाऱ्यावर गुणगुणतात. कुणी डबे वाजवतं, कुणी फटाका लावतं. त्या दिवशी मुलगी दार उघडून आत शिरली आणि बाहेर फटाका वाजला. घोडीच्या दृष्टीने सुटकेच्या वाटेवर मुलगी उभी होती. बाहेरच्या वाटेवर घोडीला पुढे हातात धरूनच फिरवलं, कधी या दिशेने, कधी उलट, कारण जाताना पाहिलेली वस्तू येताना दुसऱ्या बाजूने दिसली की घोडा पुन्हा बुजतो. घोडी थांबली तर तिला थांबू द्यायचं, ओढायचं नाही.

वेगळं ठेवण्याची मुदत संपल्यावर तिची गाठ तबेल्यातल्या एका शांत, वयस्क घोडीशी घातली. आधी कुंपणापलीकडून, मग मोकळ्या मैदानात, आणि चाऱ्याचे ढीग दोघींसाठी तीन, एकमेकांपासून लांब. मागचे नाल काढून ठेवायला सांगितले होते. दोघी किंचाळल्या, पुढचे पाय आपटले, थोडी पळापळ झाली. आई घाबरल्या. पण एखादीला कोपऱ्यात अडकवून मारणं चाललं नसेल, तर मध्ये पडू नये.

"किती दिवस लागतील?" असं आईंनी प्रत्येक भेटीत विचारलं. खाणंपिणं मार्गावर यायला आठवडाभर, इतर घोड्यांत आपली जागा कळायला महिना-दोन महिने, असा माझा अंदाज असतो. काही घोड्यांना त्याहून जास्त लागतात. मैनेवर खोगीर महिन्याभराने चढलं, तेही अंगणातल्या अंगणात चालण्यापुरतं. फितींच्या बाजूला ती अजून बिचकते. द्राक्षतोडणी होईपर्यंत तिकडे नेऊच नका, असं मी सांगितलं आहे. विकण्याचा विषय त्यांनी परत काढला नाही.

लग्नसराईच्या आधी घोडी नव्या जागी हलवायची आहे, असा फोन परवाच आला. त्यांना सांगितलं तेच इथे लिहिते. शक्य असेल तर घोडी पोहोचल्यावर निदान महिनाभर वरातीचं काम घेऊ नका. जुना चारा दोन आठवडे पुरेल इतका आणि जुन्या पाण्याचे कॅन सोबत घ्या. तिची बादली, मोरकी (तोंडाला बांधायची दोरी), खरारा न धुता तसेच न्या, त्यांना तिचा वास असतो. सकाळी लवकर हलवा, म्हणजे नवी जागा तिला उजेडात दिसेल. प्रवास लांबचा असेल तर मध्ये थांबून पाणी दाखवा आणि मान खाली सोडता येईल असं बांधा, नाहीतर छातीत कफ साचून ताप येऊ शकतो. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी तिच्या मोतद्दाराजवळ तासभर बसा. ती काय खाते, कधी झोपते, कशाला घाबरते, शेजारी कोण उभं असतं, सगळं वहीत लिहून घ्या.