दापोली ते रत्नागिरी, किनाऱ्याने आणि एकट्याने: नाशिकहून निघणाऱ्यासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून सीएनजीची छोटी गाडी घेऊन एकट्याने निघायचं, पहिली रात्र दापोलीत, दुसऱ्या दिवशी हायवेला न लागता समुद्राच्या कडेने रत्नागिरी. नकाशा साधारण १३० किलोमीटर आणि चार-साडेचार तास दाखवतो. मग सकाळी नाश्तापाणी उरकून दहाला निघालं तर चालेल का?

नाही चालणार. साडेसहाला निघा. कोकणात किनाऱ्याने जाताना खाड्या मोजायच्या, किलोमीटर नंतर. या वाटेवर दोन मोठ्या खाड्या आडव्या येतात: दाभोळला वाशिष्ठीची आणि जयगडला शास्त्रीची. दोन्हीकडे गाडी फेरीबोटीवर चढवून पलीकडे जायचं. पाण्यातला वेळ दहा-पंधरा मिनिटांचा, पण जेटीपर्यंत उतरणं, तिकीट, रांग, बोट येणं, गाड्या लावणं आणि पलीकडचा चढ धरून एका खाडीला तास धरा. फेऱ्या साधारण पाऊण-एक तासाने असतात, त्यामुळे डोळ्यांदेखत बोट सुटली तर तो तास पुरता गेला. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, म्हणून आदल्या संध्याकाळी दापोलीत लॉजवाल्याला विचारून पहिल्या फेऱ्यांच्या वेळा कागदावर लिहून घ्या. ऐनवेळी मोबाईलवर बघू म्हणू नका, वाटेत नेट जातं. ते खाली येतंच.

आधी नाशिक ते दापोली, पटकन. अंतर साडेतीनशेच्या वर आहे. चारचाकीला इगतपुरीजवळ समृद्धीवर चढून थेट भिवंडीजवळच्या आमण्याला उतरता येतं. हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, आणि कसाऱ्याचा घाट वाचतो. दुचाकीला समृद्धीवर प्रवेश नाही, बुलेटवाल्यांनी हे वाचून कसाऱ्यानेच जावं. पुढे पनवेल, मग मुंबई-गोवा हायवे, महाड, कशेडीचा बोगदा, खेड आणि खेडहून दापोली. कल्याणफाटा आणि पनवेल सकाळी आठच्या आत पार झालं तर दुपारी दापोली, नाहीतर संध्याकाळ. पहिल्या दिवशी एवढंच करा. त्याच दिवशी हर्णैचा मासळीबाजारही पाहू म्हणणारे दुसऱ्या दिवशी उशिरा उठतात.

सीएनजीबद्दल. हायवेवर पंप मिळतात, किनाऱ्याच्या रस्त्यावर त्यांच्या भरवशावर राहू नका. दापोलीतून निघताना पेट्रोलची टाकी निदान अर्धी हवी, आणि गुहागरला ती भरून घ्या. तिथून पुढे तवसाळपर्यंत, म्हणजे जयगडच्या खाडीच्या अलीकडच्या जेटीपर्यंत, सगळी लहान गावं आहेत. घाटाच्या चढावर पेट्रोलवर घ्या, सीएनजीवर गाडीची ताकद थोडी कमीच असते आणि इथले चढ लहान पण उभे असतात. दुसरं, सीएनजीची टाकी डिकीत असल्यामुळे स्टेपनी तिच्याखाली किंवा मागे दडपलेली असते. निघण्याआधी घरीच ती एकदा बाहेर काढून बघा. जॅक आणि पाना नक्की कुठे आहे, चाकाचे नट हाताने सुटतात का, हे पाथर्डी फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडून तपासून घ्या. मशीनने आवळलेले नट साध्या पान्याने एकट्याला सुटत नाहीत, आणि कुठल्याशा वाडीच्या चढावर ते कळून उपयोग नाही. हवेचा दाब नाशिकला थंड टायरवर कंपनी सांगते तेवढा ठेवा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंच आहे, म्हणून किनाऱ्यावर गेल्यावर गेजवर एखादा पीएसआय कमी दिसेल. ते पंक्चर नव्हे.

आता मुख्य दिवस.

दापोलीहून दाभोळ तीसेक किलोमीटर, तासभर. पहाटे दमट हवेत काच धुरकटते. आतून धुरकटली तर एसी चालू करून हवा काचेवर सोडा. बाहेरून धुरकटली तर उलट करायचं, एसी कमी आणि वायपर एकदा फिरवायचा. नाशिकच्या कोरड्या हवेत बाहेरून धुरकटणारी काच फारशी दिसत नाही, त्यामुळे आपले लोक आतूनच पुसत बसतात.

दाभोळची जेटी गावातून खाली उतरून, मशिदीजवळ. ही सतराव्या शतकातली आदिलशाही मशीद. बोट सुटायला वेळ असेल तर पाच मिनिटांत पाहून होते.

बोटीवर गाडी चढवणं हा या दिवसातला एकच भाग असा आहे की जिथे नवखा माणूस घाबरतो, म्हणून नीट सांगतो. जेटी म्हणजे पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा उतार. भरतीला बोटीचा लोखंडी पाट उताराच्या वरच्या, कोरड्या भागावर टेकतो आणि गाडी सरळ आत जाते. ओहोटीला बोट खूप खाली असते. उताराचा खालचा भाग नुकताच पाण्यातून वर आलेला, हिरव्या शेवाळाचा, आणि पाट टेकतो तिथे एक कोन तयार होतो. बुटक्या गाडीचा पुढचा बंपर तिथेच घासतो. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, अ‍ॅक्सिलरेटर अगदी हलका, आणि मध्ये थांबायचं नाही. अर्ध्या क्लचवर शेवाळावर चाक फिरलं की गाडी आडवी सरकते. बोटीवरचा माणूस हातवारे करेल तसं करा. कधी सरळ घ्यायला सांगतात, कधी रिव्हर्स. रिव्हर्सला आरशात त्याच्याकडेच बघा, सेन्सरच्या टूं-टूंकडे नाही, कारण बाजूच्या गाडीत आणि तुमच्यात वीतभर जागा असते आणि सेन्सर बोंबलतच राहतो. गाडी लागली की हँडब्रेक, गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद, दिवे बंद. दार उघडायला जागा नसेल तर काच खाली ठेवून आत बसा. दुचाकीवाल्यांनी त्या शेवाळावर पुढचा ब्रेक अजिबात दाबू नये, दोन्ही पाय खाली सोडून मागच्या ब्रेकवर उतरावं, आणि बोटीत गाडी गिअरमध्ये ठेवून तिच्याजवळच उभं राहावं.

तिकिटाला सुटे पैसे ठेवा. नेट नसलं की यूपीआयही नसतं. दोन्ही खाड्या, नाश्ता, जेवण, पार्किंग मिळून हजार-बाराशे रुपये रोख, त्यात पन्नास-शंभरच्या नोटा जास्त.

पलीकडे धोपावे. वर चढलं की डावी-उजवीकडे मोठं कुंपण दिसतं तो वीजप्रकल्प. नाव कधीच बदललं, पण रस्ता विचारलात तर लोक अजून एनरॉनच म्हणतील. अंजनवेलचा गोपाळगड आणि दीपगृह इथून जवळ आहे. पहिली किंवा दुसरी बोट मिळाली असेल तरच वळा.

गुहागरला नऊ-सव्वानऊपर्यंत पोचणं ठीक. नाश्ता, पेट्रोल, एटीएम सगळं इथे उरका. व्याडेश्वराचं देऊळ भर गावात, समुद्र मागेच पाच मिनिटांवर. गाडी वाळूत नेऊ नका. कडक दिसणारी ओली वाळू चाकाखाली पाणी सोडते आणि मऊ होते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चाक स्वतःचा खड्डा खणतं. बरोबर माणसं असली तर ढकलता तरी येतं, एकट्याला ट्रॅक्टर शोधेपर्यंत भरती वर आलेली असते.

गुहागर-पालशेत-वेळणेश्वर-हेदवी हा तुकडा या सगळ्या वाटेतला सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात अरुंद. वाड्यांमधून जाताना दोन्हीकडे जांभ्याचे गडगे आणि मध्ये जेमतेम एका गाडीची जागा. समोरून एसटी आली तर ती मागे जाणार नाही हे धरून चाला, रुंद जागा दिसली की आधीच डावीकडे थांबा. मात्र डावं चाक साईडपट्टीवर घालण्याआधी बघा. पावसाळ्यानंतर डांबराची कड वीतभर तुटलेली असते आणि गवताने झाकलेली. वळणावर हॉर्न वाजवणं इथे असभ्यपणा समजत नाहीत, उलट न वाजवणं समजतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवा. दुचाकीसाठी आणखी दोन गोष्टी: वळणावरची जांभ्याची लाल माती, आणि मासळीच्या टेम्पोतून सांडलेलं पाणी. दोन्हींवरून टायर सटकतो.

हेदवीला दशभुज गणेशाचं देऊळ आहे आणि समुद्रावर बामणघळ. ही खडकातली उभी चीर. भरतीच्या लाटा आत घुसून वर उसळतात, ओहोटीला नुसती भेग दिसते आणि लोक निराश होतात. म्हणून तिथी बघा. जुना हिशोब असा की तिथीला तीनने गुणायचं आणि चाराने भागायचं, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराला, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस ठरवायला पुरतो. तुम्ही हेदवीला साडेअकरा-बाराला असाल, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची तारीख घेतलीत तर बामणघळ उधाणाच्या पाण्यात मिळेल. मात्र त्याच दिवशी तवसाळला बोटीची वेळ ओहोटीकडे झुकलेली असेल, म्हणजे शेवाळ आणि बंपरचा प्रश्न तिथे.  बामणघळीच्या कडेला एकट्याने वाकून फोटो काढू नका. पावसाळ्यात तर जवळही जाऊ नका.

जेवणाचं. घरगुती खाणावळी मोजून स्वयंपाक करतात. सकाळी गुहागरातूनच फोन करून एक ताट सांगून ठेवा, नाहीतर दीडला जाऊन "संपलं हो" ऐकावं लागतं. जेवण हलकं घ्या. सोलकढी, भात आणि वर दुपारचा दमट उकाडा, यावर तवसाळच्या वाटेवर डुलकी येतेच. येणार असं वाटलं तर जेटीच्या रांगेत वीस मिनिटं झोपा, रस्त्यावर नको.

हेदवी-रोहिले-तवसाळ या पट्ट्यात मोबाईलचं नेट जातं-येतं. ऑफलाइन नकाशा आदल्या रात्री उतरवून घ्या आणि त्यात गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ जेटी असे थांबे टाका. नुसतं "रत्नागिरी" टाकलं, किंवा फेरी टाळण्याचा पर्याय चुकून चालू राहिला, तर तो तुम्हाला चिपळूणमार्गे हायवेला नेऊन सोडतो. माणसांना विचारतानाही तेच. रत्नागिरीचा रस्ता विचाराल तर ते चांगल्या मनाने हायवेच दाखवतील. "तवसाळची जेटी" विचारा.

बोट बंद असली तर काय, हे आधीच ठरवून ठेवा. वारा, पाऊस किंवा बिघाड, कुठल्याही कारणाने बंद असू शकते. दाभोळला बंद असेल तर मागे दापोली, खेड, चिपळूण करून गुहागर. यात सहज तीन तास जातात, तेव्हा गुहागर सोडून सरळ हायवेने रत्नागिरी गाठलेली बरी. तवसाळला बंद असेल तर इतकं वाईट नाही: आबलोलीमार्गे भातगावला शास्त्रीवर पूल आहे, पलीकडे राई, जाकादेवी आणि पुढे रत्नागिरी. रेवस-रेड्डी सागरी महामार्गात या दोन्ही खाड्यांवर पूल आखलेले आहेत. ते झाले की हे उत्तर निम्मं निकामी होईल.

जयगडला उतरलात की बंदर आणि वीजप्रकल्पाचे अवजड ट्रक लागतील. ते हायवेवरच्या निवळीकडे जातात. तुम्ही उजवीकडे मालगुंडचा रस्ता धरा. मालगुंड हे केशवसुतांचं जन्मगाव, स्मारक शांत आहे, अर्धा तास पुरतो. गणपतीपुळ्याला शनिवार-रविवार आणि संकष्टीला पार्किंगमध्येच तास जातो, अशा दिवशी बाहेरून नमस्कार करून पुढे जा. तिथल्या समुद्रात उतरू नका. किनारा अचानक खोल होतो आणि पाणी ओढतं. एकट्या माणसाला आरे-वारेलाही तोच नियम, पाय भिजवण्यापुरतं.

आरे-वारेच्या घाटातून दोन्ही पुळणी एकदम दिसतात तिथे सगळेच थांबतात. उत्तरेकडून येताना समुद्र तुमच्या उजव्या हाताला, म्हणजे थांबायला समोरून येणाऱ्या गाड्यांची बाजू ओलांडावी लागते. वळणावर तसं करू नका, पुढे जाऊन वळून या. खरं तर केवळ बघण्यासाठी ही वाट रत्नागिरीहून दापोलीकडे केलेली जास्त सोयीची. उत्तरेकडे जाताना आणखी एक फायदा: दक्षिणेकडे जाताना दुपारनंतरचं ऊन चालकाच्या खिडकीतून थेट अंगावर येतं आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजतो. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला.

रत्नागिरीत सूर्यास्ताच्या आत शिरा. डिसेंबरात तो सहाच्या थोडा नंतर, मे महिन्यात सातच्या सुमारास. अंधार पडला की या रस्त्यांवर गुरं बसलेली असतात आणि काळी म्हैस दिव्यात शेवटच्या क्षणी दिसते. थिबा पॅलेस, टिळकांचं जन्मघर, रत्नदुर्ग दुसऱ्या सकाळी. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत इथेच नजरकैदेत होता. राजवाडा त्याला १९१० च्या सुमारास मिळाला, हे माहीत असलं की रिकाम्या खोल्या वेगळ्या दिसतात.

परतीला नाशिक जवळपास पाचशे किलोमीटर आहे. हे सगळं बघून दुपारी निघायचं आणि रात्री घरी, हे एकट्याने करू नका, महाड किंवा पनवेलला मुक्काम घ्या. आणि घरी आल्यावर पहिल्या दोन दिवसांत गाडी खालून दाबाच्या पाण्याने धुऊन घ्या. बोटीच्या पाटावरचं खारं पाणी सायलेन्सरच्या जोडावर आणि ब्रेकच्या नळ्यांवर सुकलेलं असतं, ते वरून फडका मारून जात नाही.