जी.आय. म्हणजे 'जनरल इन्फंट्री' नव्हे!

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या इंग्लंडच्या आठवणींत 'जी.आय. ब्राइड', म्हणजे जी.आय.शी (अमेरिकी सैनिकाशी) लग्न केलेली तरुणी, असा उल्लेख येतो. जी.आय. ही अक्षरं म्हणजे 'जनरल इन्फंट्री' ना? मराठीत काय लिहावं?

उत्तर : नाही हो! हे कुणीतरी आद्याक्षरांवरून जुळवलेलं आहे आणि आता भाषांतरांतही बिनदिक्कत घुसलंय. ट्रकवाला, तोफखान्यातला गडी, आचारी, सगळेच जी.आय. होते, पायदळाचा संबंध काय?

जी.आय. म्हणजे गॅल्व्हनाइज्ड आयर्न. आपला प्लंबर 'जी.आय.चा पाइप' म्हणतो, तेच. अमेरिकी लष्करी भांडारातले कारकून जस्ताचा मुलामा दिलेल्या पिंपांपुढे, बादल्यांपुढे ही दोन अक्षरं लिहीत. काही कोश मात्र 'गव्हर्नमेंट इश्यू' एवढं देऊन मोकळे होतात. पण पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या जड तोफगोळ्याला अमेरिकी सैनिक 'जी.आय. कॅन', म्हणजे जी.आय. पिंप, म्हणत. तो गोळा काय अमेरिकी सरकारने पुरवला होता? 'सरकारी पुरवठा' हा अर्थ मागाहून चिकटला. मग साबण जी.आय., बूट जी.आय. आणि शेवटी ते वापरणारा माणूसही.

मूळ पिंपांनी मात्र साथ सोडली नाही. छावणीत जेवण झालं की रांग लागे. उरलंसुरलं एका पिंपात खरवडायचं, डबा उकळत्या साबणपाण्याच्या पिंपात घासायचा, मग स्वच्छ उकळत्या पाण्याच्या दोन पिंपांत बुचकळायचा. पाणी कोमट राहिलं किंवा डब्याला साबण चिकटून राहिला की पोटं बिघडत. त्या जुलाबांनाही सैनिक 'जी.आय.ज्' म्हणत!

इंग्लंडमधल्या गावकऱ्यांच्या तोंडी मात्र हे अमेरिकी सैनिक 'यँक्स'च. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्याचा पोरगा त्यावर भडके, कारण त्याच्या गावी यँक म्हणजे अमेरिकी यादवी युद्धातला उत्तरेकडचा शत्रू. पोराटोरांना त्याचं काय? जुलै १९४२ पासून गोळ्या-चॉकलेटंही रेशनवर गेलेली, त्यामुळे यँक दिसला की "एनी गम, चम?" (च्युइंगगम आहे का, दोस्ता?) म्हणून मागे लागायचं. थोरांची कुरकुर वेगळी : 'ओव्हरपेड, ओव्हरसेक्स्ड अँड ओव्हर हिअर' (पगार जादा, बायकांचा नाद जादा आणि वर इथे येऊन बसलेले). पैकी पगाराचं खरंच होतं. अमेरिकी शिपायाला महिना ५० डॉलर, म्हणजे १२ पौंडांवर. ब्रिटिश शिपायाला त्याच्या निम्मेही नाहीत.

हां, भाषांतर. 'जी.आय. वधू' लिहा. 'युद्धवधू' नको, त्यात कॅनडाच्या सैनिकांशी लग्न केलेल्याही येतात. जानेवारी १९४६ मध्ये 'अर्जेंटिना' जहाजाने साउदॅम्प्टनहून निघालेल्या बायका मात्र अमेरिकी सैनिकांच्या, त्या न्यूयॉर्कला चालल्या होत्या.